मंदाचा अंगठा आणि गच्चीवरची बरणी

घरी तेल बनवणाऱ्या बायकांकडे दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक म्हणजे रिकाम्या बाटल्या आणि दुसरी म्हणजे किस्से! बाटल्या निदान भंगारवाला तरी नेतो. किस्से कोण नेणार? ते साठतच जातात. आज चौघी-पाचजणी जमलोच आहोत, तर थोडे तुमच्या पदरात टाकते. चहा घ्या तोवर.

आधी आमच्या ग्रुपची ओळख. मी अंबरनाथच्या एका शाळेत क्लार्क. राहायला उल्हासनगर, कॅम्प चार. माझ्या शेजारी लाजवंती आंटी, पक्क्या सिंधी, वय सत्तरीच्या आसपास. मी क्लार्क आहे हे त्यांना दहा वर्षं सांगतेय, तरी मला हाक मारतात 'टीचर' अशीच! त्यांच्या तीन मजली घराच्या वर अख्ख्या गल्लीत नसेल अशी गच्ची. सकाळी आठला ऊन येतं ते पाचपर्यंत हलत नाही. तिसऱ्या हिराकाकू, बदलापूरच्या पुढच्या एका गावातल्या. घरची शेती, घरची म्हैस, आणि आमच्या नाक्यावर भाजीची टोपली. चौथी मंदा. ती आंटींच्या तळमजल्यावरची भाडेकरू. तिचं पुढे येईलच. खरं तर सगळं तिचंच आहे.

* * *

तेलाचं खूळ माझ्या डोक्यातलं. मोबाइलवर एक बाई दाखवत होती, काचेच्या बरणीत पानंफुलं घालायची, वरून तेल ओतायचं, बरणी महिनाभर उन्हात ठेवायची. पानांचा गुण तेलात उतरतो, मग ते तेल गाळून त्वचेला लावायचं. म्हटलं, यात काय अवघड आहे? माझ्या सासूबाई लोणची घालायच्या, मी तेल घालीन!

हिराकाकूंकडून कडुनिंब घेतला, तुळस घेतली, कोरफडीचा हा एवढा गर काढला. सगळं स्वच्छ तीन पाण्यांनी धुतलं. मी स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक आहे, घरात कोणालाही विचारा. आणि ते ओलंचिंब सगळं खोबरेल तेलात घालून, झाकण घट्ट लावून आंटींच्या गच्चीवर ठेवलं.

आठव्या दिवशी आंटींची हाक आली, "टीचर, जल्दी ऊपर आओ! तुम्हारा तेल बोल रहा है!"

वर जाऊन बघते तर बरणी खरंच बोलत होती. आतून बुडबुडे, वर फेस, आणि झाकणातून सुंई सुंई आवाज. मी झाकण फिरवलं मात्र, ते फट्कन उडून पाण्याच्या टाकीवर आपटलं. वास असा, की समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे त्या वहिनींनी मुकाट्याने उचलून नेले.

आंटी पदर नाकाला लावून म्हणाल्या, "चेहरे पे लगाने का है कि चेहरा निकालने का?"

हिराकाकूंना दाखवायला नेलं. त्यांनी लांबूनच वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "आगो बाय, पाणी नि तेल कदी एका घरान नांदलीन का? पाला आदी सावलीन सुकव. हातान चुरला का कुरकुर वाजला पायजे. मंगच बरणीन घाल."

"हे आधी का नाही सांगितलंत काकू?"

"तू इचारलास कुठं? तू तं उलटी मनाच शिकवत होतीस!"

* * *

आता मंदा. मंदा बारा वर्षं एका जीन्स धुणाऱ्या युनिटमध्ये कामाला होती. दिवसभर ब्लीच, पावडरी, गरम पाणी, आणि ओल्या पँटींचे ढीग उपसायचे. नखं कायमची निळी. बोटांच्या पेरांना अशा भेगा, की साडीला हात लावला तर साडीचा धागा निघायचा. ते युनिट बंद पडलं आणि मंदा घरी बसली. मग कोणाच्या तरी ओळखीने तिला आनंदनगर एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगचं काम लागलं. लागलं म्हणजे, लागता लागता राहिलं!

तिथे हजेरीला अंगठ्याचं मशीन. एचआरच्या साहेबांनी तिचा अंगठा लावून बघितला, लाल दिवा. दुसरा अंगठा, लाल दिवा. मग एकामागून एक दहाही बोटं. एकाही बोटावर रेष सापडेना. ब्लीचने सगळी खाऊन टाकलेली.

साहेब शेवटी वैतागून म्हणाले, "मावशी, मशीनच्या हिशोबाने तुम्हाला बोटंच नाहीत."

मंदा म्हणाली, "साहेब, तुमच्या मशीनला म्हणावं, बारा वर्षं पँटी काय कोपरानं धुतल्या का मी?"

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, जागा एक महिना धरून ठेवतो. अंगठा उठला तर या, नाही उठला तर माझाही इलाज नाही.

मंदा हे सगळं आंटींच्या जिन्यात बसून सांगत होती. सांगताना हसत होती, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी विचारलं, "पॅकिंगच आहे ना गं? तसलं काम दुसरीकडेही मिळेल."

तर म्हणाली, "ताई, तिथं बसायला खुर्ची हाय. प्रत्येक बाईला आपली आपली खुर्ची. मी सोत्ता बघितली. बारा वर्षं उभीच हाय मी."

माझा संताप संताप झाला. कोणावर, ते कळेना. जिन्यातच जाहीर केलं, "मंदा, तुझा अंगठा आम्ही आणू!" मागे वळून बघते तर आंटी 'हां, हां' करत मान हलवतायत. नुकतंच जिचं तेल गच्चीवर फुटलं होतं त्या बाईने हे बोलायचं आणि जिची टाकी बरबटली होती तिने हो म्हणायचं, याला हिंमतच लागते.

* * *

तर दुसरी बरणी भरली. या वेळी हिराकाकूंच्या देखरेखीखाली. कडुनिंबाचा पाला चार दिवस सावलीत सुकवला. ज्येष्ठमध कुटून घेतलं. घाण्याचं तिळाचं तेल. बरणी धुऊन, पुसून, परत उन्हात तापवून कोरडी केली. थेंबभर पाणी नाही! बरणीच्या तोंडाला मलमलचा फडका बांधला आणि ठेवली गच्चीवर. हाताशी महिनाच होता, म्हणून काकूंनी तोड काढली. "सगला नको थांबू. आठ-आठ दिवसान थोडा थोडा काढून लाव. बाकीचा मुरत राहील."

सगळं उत्तम चाललं होतं. फक्त एक चूक झाली. आंटींच्या गाजर-मिरचीच्या लोणच्याची बरणीही तिथेच उन्हाला होती. दोन्ही बरण्या एकाच दुकानातून, एकाच मापाच्या, दोन्हींवर एकाच जुन्या ओढणीचा फडका.

एक दिवस आंटींचे मिस्टर, दादा, दुपारी एकटेच घरी. त्यांनी कोकी गरम केली. कोकी म्हणजे सिंधी लोकांची ती जाड, कांदा घातलेली पोळी. गच्चीवरून बरणी आणली आणि जेवले. बऱ्यापैकी जेवले. फडका परत नीट बांधूनही ठेवला.

संध्याकाळी आम्ही तेल काढायला गेलो तर बरणीत दोन बोटं तेल कमी! आंटी तरातरा खाली गेल्या. आम्ही जिन्यात कान देऊन उभ्या. दादांना काही होतंय की काय, ही भीती होतीच.

दादा पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघत शांतपणे म्हणाले, "अचार अच्छा है. बस, नमक थोड़ा कम है."

* * *

मोबाइलवरची ती बाई सारखी सांगायची, नवीन तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावा, एक दिवस थांबा, आग-खाज होत नाही ना ते बघा. मी हे हिराकाकूंना नीट समजावून सांगितलं आणि पहिल्या आठवड्याची छोटी बाटली त्यांच्या हातात दिली. "काकू, टेस्ट करून सांगा."

दुसऱ्या दिवशी काकू टोपली डोक्यावरून उतरवायच्या आधीच म्हणाल्या, "टेष्ट झाली. काय नाय झाला. आग नाय, खाज नाय. पाच दिवसान भेगा भरतील आसा वाटतं."

"वा! पण कोपरावर तुमच्या भेगा कुठे आहेत?"

"माज्या नाय. म्हशीच्या आचलाला लावला. तिच्या सडांना भेगा परल्या ना थंडीन."

आंटींनी कपाळावर हात मारून घेतला. "टीचर! हमारा तेल भैंस ने पास किया!"

मला वाटलं मंदाला वाईट वाटेल. तुझ्याआधी म्हशीला लावलं म्हणजे कुणालाही वाटेल. पण मंदा ते ऐकून एकदम ताठ बसली. पुढचे पाच दिवस ती काकूंना दुसरं काही विचारायचीच नाही. कोथिंबीर कशी, मेथी कशी, काही नाही. फक्त, "म्हशीचं कसं हाय?"

सहाव्या दिवशी काकू म्हणाल्या, "भरल्या गो भेगा. काल दूध काढताना लाथ नाय मारलीन."

मंदाने माझ्याकडे बघितलं. "ताई, म्हशीला फरक पडला, मग मला पण पडतोय! आमच्या दोघींचं काम सारखंच हाय, सकाळपासनं दुसऱ्यासाठी राबायचं."

* * *

मध्ये एक माझाही पराक्रम झाला. सांगणार नव्हते, पण तुमच्या कानावर दुसरीकडून येण्यापेक्षा मीच सांगते. मला वाटलं, मंदाला एवढं करतोय तर आपल्या चेहऱ्यालाही काही असावं. आंबेहळद वेगळी मिळते हे मला माहीत होतं, पण स्वयंपाकघरातली हळद जवळ होती. चांगले तीन चमचे तेलात कालवले, रविवारी चेहरा-मानेला चोळले आणि तासभर सिरियल बघत बसले.

सोमवारी शाळेत गेले. साबणाने चार वेळा धुतलं होतं, बेसनाने दोन वेळा. मुख्याध्यापकांनी मला दारातच थांबवलं. "बाई, आरशात बघितलंत का? डोळे दाखवा. ही कावीळ आहे! ताबडतोब घरी जा. आणि उसाचा रस प्या."

आता खरं सांगायचं तर मी सांगणार होते. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण ते म्हणाले, "मंगळवारीही येऊ नका."

मिळालेली सुट्टी परत करायची रीत आमच्या घराण्यात नाही. मी उसाचा रस प्यायले आणि घरी आले.

* * *

महिन्यातले वीस दिवस गेले तरी मंदाचा अंगठा काही उठेना. भेगा जरा मऊ झाल्या होत्या एवढंच. मी रोज भिंग घेऊन बघायची. तेल लावतेय, रात्री सुती हातमोजे घालून झोपतेय, मग अडतंय कुठे? आंटींनी बरोबर पकडलं. खाली जाऊन बघितलं तर मंदा राखेने आणि साबणाने भांडी घासत बसलेली. सकाळी तेल, दुपारी साबण! आम्ही भरतोय आणि ती धुऊन टाकतेय.

आंटींनी तिथेच उभं राहून मंदाच्या नवऱ्याला, अशोकला, हाक मारली. अशोक शेअर रिक्षा चालवतो. स्टँडवर त्याचा दरारा आहे. चौथी सीट हा माणूस अशी बसवतो, की चौथ्यालाही वाटावं आपण मागच्या जन्मी काही पुण्य केलं असेल.

"अशोक, आज से बर्तन तू करेगा. कपड़ा भी तू. महीना पूरा होने तक."

"आंटी, मी? लोग क्या बोलेंगे?"

"लोग किराया नहीं लेते, मैं लेती हूँ!"

अशोकने भांडी घासायला सुरुवात केली. पण कशी, तर दार बंद, खिडकी बंद आणि मोबाइलवर क्रिकेट मोठ्या आवाजात, म्हणजे भांड्यांचा आवाज बाहेर जायला नको. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, हा मॅच बघतोय. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी माझ्या दाराची बेल वाजली. बघते तर अशोक, दोन्ही हात पाठीमागे लपवून उभा.

"मॅडम, ते तेल... थोडं एक्स्ट्रा असेल का?"

"कोणासाठी रे?"

इकडेतिकडे बघत त्याने हात पुढे केले. बोटं पांढरी पडून सुरकुतलेली. हळू आवाजात म्हणाला, "च्यायला, हे एवढं असतंय होय? आणि ती रोज तीनदा करायची, वर युनिटमध्येपण जायची. आपल्याला कधी बोललीच नाय, मॅडम."

मी त्याला बाटली दिली. मनातून फार बरं वाटलं, पण तोंडाने म्हटलं, "भांडी घासून झाली की लाव. आधी नको."

* * *

शेवटच्या आठवड्यात मी माझं हुकमी हत्यार काढलं. माझ्या माहेरून, कोकणातून, कोकमाचं तेल येतं. बियांपासून काढलेलं, घट्ट, पांढरट गोळा. आई टाचांच्या भेगांना लावायची. आमचं मुरलेलं तिळाचं तेल गाळून घेतलं, गरम पाण्यात भांडं ठेवून त्यात कोकमाचा गोळा विरघळवला. थंड झाल्यावर सुंदर मलम जमलं! मंदा दिवसातून चार वेळा चोळायची. आणि खरंच, महिना संपायच्या तीन दिवस आधी भिंगातून बघते तर तिच्या उजव्या अंगठ्यावर बारीक बारीक रेघा. गोल गोल फिरत वर आलेल्या. मी आंटींना दाखवलं, आंटींनी दादांना, दादांनी स्वतःचा अंगठा बाजूला धरून खात्री करून घेतली. तेलाने झालं, की बारा वर्षांनी हातांना ब्लीचपासून महिनाभर सुट्टी मिळाली म्हणून झालं, की अशोकच्या भांड्यांमुळे, ते देव जाणे. आम्ही श्रेय तेलाला देऊन टाकलं.

ठरलेल्या दिवशी आम्ही चौघी अशोकच्या रिक्षातून आनंदनगरला निघालो. मी हाफ-डे टाकला. हिराकाकूंनी त्या दिवशी टोपलीच लावली नाही. मंदा अंगठा मुठीत धरून बसलेली.

अंबरनाथच्या पुढे माझाच धीर सुटला. म्हटलं, "थोडं लावूया का गं? शेवटचं." मी लावलं. मग आंटींनी, "थोड़ा मेरे हाथ से भी," म्हणत लावलं. हिराकाकू म्हणाल्या, "मी काय परकी हाय?" त्यांनीही लावलं. सिग्नलला रिक्षा थांबली तर अशोकने मागे हात केला. "मला पण लावू द्या की!"

मशीन गेटवरच्या सिक्युरिटीच्या केबिनमध्ये होतं. आत मंदा आणि एचआरचे साहेब, आम्ही सगळे खिडकीला नाकं लावून. मंदाने अंगठा ठेवला.

लाल दिवा. "प्लीज ट्राय अगेन."

परत ठेवला. लाल दिवा. "प्लीज ट्राय अगेन."

तिसऱ्यांदा तेच. मंदाने वळून आमच्याकडे बघितलं. तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. मीच जिन्यात गमजा मारल्या होत्या ना, अंगठा आणू म्हणून!

साहेबांनी वाकून मशीनची काच बघितली. मग काचेवर बोट फिरवून त्याचा वास घेतला.

"मावशी, तुम्ही अंगठा लावताय की वडा तळताय? नुसता घसरतोय!"

हिराकाकू वॉचमनला बाजूला सारून सरळ आत घुसल्या. आपल्या पदराने मंदाचा अंगठा खसाखसा पुसला. मग काच पुसली. मग, कशाला कोण जाणे, साहेबांचं बोटही पुसलं. "आता लाव गो."

साहेबांनी नाव चढवायला तीन वेळा अंगठा ठेवायला सांगितला. तिन्ही वेळा हिरवा दिवा. "आता एकदा हजेरी करून बघू," ते म्हणाले.

मंदाने पदर खोचला, डोळे मिटले आणि अंगठा ठेवला.

"थँक यू," मशीन म्हणालं.

मंदाने डोळे उघडले. "मला म्हणालं?"

"तुम्हालाच," साहेब म्हणाले. "जॉइन झालात तुम्ही."

बाहेर आंटी हुंदके देऊन रडत होत्या, अशोक उगाचच हॉर्न वाजवत होता आणि मला तर समोरचं काही दिसेना. तेवढ्यात केबिनमधून परत आवाज आला, "थँक यू."

साहेब ओरडले, "अहो मावशी, परत नका लावू! आता तुमची आऊटची नोंद पडली!"

"पडू दे साहेब," मंदा म्हणाली. "परत इन होते की. अंगठा हाय ना आता माझ्याकडं!"